जामठ्याच्या वाटेवरचे गाव

पुण्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी वर्ध्यास पोहोचली, तेव्हा फलाटावर अजून धुके होते. हमालाच्या डोक्यावर पंचा गुंडाळलेला, चहावाल्याच्या पातेल्यातून वाफ निघालेली, आणि मला घ्यावयास आलेला माझा मामेभाऊ लोकरी टोपी कानांपर्यंत ओढून उभा. ‘वऱ्हाडात थंडी चांगलीच पडते की,’ असे मी म्हणताच तो हसून म्हणाला, ‘हे आबांसमोर बोलू नका, दादा. वऱ्हाड नदीच्या पलीकडे. आपण अलीकडचे.’ आम्ही पुणेकर मंडळी अकोल्यापासून गोंदियापर्यंत सगळ्यास सरसकट वऱ्हाड म्हणून मोकळे होतो. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि जुना नागपूर प्रांत यांच्यामधली शीव आहे, आणि ती शीव येथील लोकांच्या बोलण्यात अद्याप पुसली गेलेली नाही, हे मला गावात पाऊल टाकण्याआधीच कळले.

माझे मामा बोरगाव मेघे येथे राहतात. वर्ध्याच्या सभोवती मेघे हे उपपद लावणारी गावे बरीच आहेत. सावंगी मेघे, सिंदी मेघे, आणि हे बोरगाव. नवख्या पाहुण्याची यात हटकून फसगत होते. 2011 च्या जनगणनेत बोरगावची नोंद नगर म्हणून झाली; तथापि मनाने ते अजून खेडेच आहे. वर्धा कोठे संपले आणि बोरगाव कोठे लागले हे रस्त्यावरून सांगता येत नाही. एका बाजूस नव्या वसाहतीचे आखलेले प्लॉट, त्यांना येथे सर्वजण ‘लेआऊट’ म्हणतात. दुसऱ्या बाजूस तुरीच्या तुराट्यांची गंजी आणि दाराशी बांधलेली गाय. वेचून राहिलेल्या कपाशीचे पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले दिसतात. कापूस भरलेल्या गाड्या ज्या वाटेने जातात तिला खूण लावावी लागत नाही, ती अशी आपोआप लागते.

मामांचे घर जुन्या पद्धतीचे, पुढे लांब ओटा असलेले. मामा, मामी, दोघे मुलगे, सुना, चार नातवंडे असे एकत्र कुटुंब. मामा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्या वर्षी, म्हणजे 2023 च्या जानेवारीत, त्यांस एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. कानाने थोडे कमी ऐकू येई, पण हिशेब चुकत नसे. मी गेलो होतो मामेबहिणीच्या मुलाच्या मुंजीसाठी. परंतु मुंजीस चार दिवस अवकाश होता, आणि घरात मुंजीपेक्षा निराळ्याच विषयाचे सावट पडलेले मला दिसले.

संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली. मामीने गोरसपाक आणि चहा आणून ठेवला. (गोरसपाक हा वर्ध्याचा खास जिन्नस, तोंडात घालताच विरघळणाऱ्या या तुपाळ बिस्किटाचे दोन पुडे बरोबर न घेता वर्ध्याहून परतणे हा आमच्या घरी अपराध समजला जातो.) मला वाटले, आता मुंजीच्या याद्या निघतील. निघाले ते रणजी करंडकाचे गुणपत्रक. विदर्भाचा संघ याही वर्षी बाद फेरीस मुकला होता. मोठा मामेभाऊ कपाळास हात लावून बसला होता, धाकटा आयपीएलला शिव्या देत होता, आणि सतरा वर्षांचा नातू, ज्यास घरात सगळे बंड्या म्हणत, तो भिंतीकडे तोंड करून मोबाईल चाळीत होता. कोणी जवळचे आजारी असावे असा एकंदर देखावा. सुना आतून ऐकत होत्या, आणि मध्येच एखादीचे मत खिडकीतून बाहेर येई; तेही काही सौम्य नसे.

ज्या वाचकांस क्रिकेटचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र हे राज्य एक असले तरी रणजी करंडकासाठी त्याचे तीन संघ उतरतात : मुंबईचा, महाराष्ट्राचा आणि विदर्भाचा. विदर्भाचा संघ 1957-58 च्या हंगामात प्रथम उतरला, आणि त्यास पहिले अजिंक्यपद मिळावयास साठ वर्षे लागली. त्या साठ वर्षांत कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या. मोठे संघ नागपुरास येत, खेळत आणि गुण घेऊन परत जात. मग 2017-18 साली अकस्मात सारे पालटले. चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक, फैज फजल हा कर्णधार. कोलकात्यास उपांत्य सामन्यात कर्नाटकास जिंकावयास 198 धावा हव्या होत्या, ते 192 वर बाद झाले. रजनीश गुरबानीने त्या डावात सात गडी टिपले. पुढे इंदुरास दिल्लीविरुद्ध अंतिम सामना, त्यात याच गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, अक्षय वाडकरने शतक ठोकले, आणि 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पुढील वर्षी जामठ्यावर सौराष्ट्रास 78 धावांनी हरवून अजिंक्यपद राखलेदेखील. आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या सामन्यात अकरा बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारासारखा कसलेला फलंदाज दोन्ही डावांत मिळून एक धाव काढून त्याच्या हाती सापडला.

आणि मग ओहोटी. 2019-20 मध्ये उपांत्यपूर्व फेरी नाही. पुढील वर्षी महामारीमुळे स्पर्धाच झाली नाही. 2021-22 मध्ये नाही. 2022-23 मध्येही नाही.

‘ती टीमच वेगळी होती,’ मोठा म्हणाला. ‘जाफर होता. पंडित सर होते. उमेश धावत आला की समोरच्याचे पाय हलायचे. वायनाडला केरळवाल्यांचे बारा गडी एकट्याने काढले त्याने.’

‘आणि पंडित सर गेले मध्य प्रदेशात,’ धाकट्याने मीठ चोळले. ‘गेल्या वर्षी त्यांनाच करंडक मिळवून दिला. आपले लोणचे शेजाऱ्याच्या ताटात!’

हे खरे होते. 2022 च्या जूनमध्ये मुंबईस हरवून मध्य प्रदेशाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला तो पंडितांच्याच हाताखाली. शेजाऱ्याचे सुख पाहून होणारे दुःख हे आपल्या दुःखाहून अधिक बोचते, हे त्या ओट्यावर स्पष्ट दिसत होते.

मामा इतका वेळ बोलले नव्हते. ते उठले, आत गेले, आणि कापडी बांधणीची एक जाड वही घेऊन आले. शाळेत हजेरीपटास असते तशी आखणी : तारीख, गाव, विरुद्ध कोण, आणि शेवटी तीन रकाने, जिंकला, हरला, अनिर्णित. विदर्भाचा संघ पहिल्याने उतरला तेव्हा मामा चौदा वर्षांचे होते. तेव्हापासून वर्तमानपत्रात जे येई ते त्यांनी नोंदले होते. आरंभीची शाई तपकिरी पडलेली. पान उलटावे तो ‘हरला’, ‘हरला’, ‘अनिर्णित’, ‘हरला’. मध्येच एखादा ‘जिंकला’ आला की त्याभोवती शिक्षकी तांबड्या पेन्सिलीचे वर्तुळ. मी दहा-बारा पाने चाळली, तांबडी वर्तुळे बोटांवर मोजता आली असती.

‘ह्याला म्हणतात वाईट दिवस, बाप्पा,’ मामा म्हणाले. ‘तुम्ही काय रडता? तीन हंगाम! आम्ही साठ हंगाम काढले, अन् चहाही बंद केला नाही. आणि पुण्याचा पाहुणा समोर बसला आहे, त्याला विचारा.’

मला विचारण्याची गरज नव्हती. माझी मान आधीच खाली गेली होती. आमच्या महाराष्ट्र संघाने करंडक जिंकला तो 1939-40 आणि 1940-41 अशा लागोपाठ दोन वर्षी, प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा गृहस्थ 1940 मध्ये, वयाची पन्नाशी जवळ आली असता, मुंबईविरुद्ध 246 धावा काढून गेला. त्यानंतर आमच्या पदरी उपविजेतेपदे आली. शेवटचे 2013-14 मध्ये. करंडक म्हणून नाही. माझ्या वडिलांनी देवधरांच्या गोष्टी सांगितल्या, मी त्या माझ्या मुलास सांगितल्या, आणि आता तो त्या ऐकून घेत नाही. जुन्या संघाच्या आठवणीवर जगण्याच्या कलेत विदर्भाची मंडळी आमच्यापुढे अगदीच नवशिकी आहेत, हे मी प्रांजळपणे कबूल केले. ओट्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा हशा पिकला.

मामांनी वहीतले शेवटचे लिहिलेले पान उघडले. 19 जानेवारी 2023, जामठा, गुजरात. पहिल्या डावात विदर्भ अवघ्या 74 धावांत बाद. गुजरातेस अखेर विजयासाठी हव्या होत्या केवळ 73. आणि ते 54 वर गुंडाळले गेले! सरवटेने सतरा धावांत सहा गडी घेतले. रणजीच्या साऱ्या इतिहासात इतकी लहान धावसंख्या राखून कोणी जिंकलेले नव्हते. बिहारने 1948-49 मध्ये दिल्लीस 78 धावा करू दिल्या नव्हत्या, तो विक्रम विदर्भाने मोडला. या नोंदीभोवती मामांनी तांबडी वर्तुळे दोन काढली होती.

‘अशा हंगामाला तुम्ही वाया गेलेला म्हणता?’

‘पण आबा, बाद फेरी?’ मोठा म्हणाला.

‘ती नाही मिळाली,’ मामा म्हणाले, आणि वही मिटली.

इतक्यात बंड्या भिंतीकडचे तोंड न वळविता म्हणाला, ‘ती टीम तरी आपली कुठे होती? जाफर मुंबईचा. गणेश सतीश कर्नाटकचा. कोच मुंबईचा. बाहेरून माणसे आणली, जिंकलो. माणसे गेली, संपले. इथल्या पोरांनी फक्त पाणी न्यायचे मैदानात.’

ओटा एकदम शांत झाला. मागाहून मामीकडून कळले की दोन महिन्यांपूर्वी एका निवड-चाचणीत बंड्याचे नाव यादीत आले नव्हते. पहाटे पाचला उठून तो वर्ध्याच्या मैदानावर जात असे. त्या दिवसापासून त्याने बॅट माळ्यावर टाकली होती. म्हणजे घरावरचे सावट केवळ गुणपत्रकाचे नव्हते. थोरांच्या साऱ्या तक्रारी करमणुकीच्या. या मुलाची तक्रार मात्र खरी होती.

त्यास त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी मला सेवाग्राम दाखविण्याचे ठरविले आणि बंड्यास गाडी चालवावयास बरोबर घेतले.

सेवाग्रामचे वर्णन इतक्यांनी केले आहे की मी ते पुन्हा करीत नाही. मातीच्या भिंती, कवलांची उतरती छपरे, आणि बापूंच्या कुटीतील थंड सावली, ज्याने पाहिली त्याच्या ध्यानात राहतेच. मला मात्र तेथे मामांनी सांगितलेली एक हकीकत नवी होती. 1940 च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचे मत विचारावयास वर्ध्यास आली. मुंबईत तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर अशा पाच संघांची पंचरंगी स्पर्धा दर वर्षी भरे, आणि तिच्यासारखी गर्दी कोणत्याच खेळास होत नसे. इकडे वैयक्तिक सत्याग्रहात पुढारी तुरुंगात चालले होते. अशा वेळी सामने भरवावे की नाही? गांधीजींचा कौल सामने थांबवू पाहणाऱ्यांच्या बाजूने पडला. एवढेच नव्हे तर खेळाचे संघ धर्मावर बेतणेच त्यांस पसंत नव्हते. स्पर्धा पुढे आणखी काही वर्षे चालली आणि 1946 मध्ये बंद झाली. ‘म्हणजे तुमच्या मुंबईच्या क्रिकेटचा निवाडा ह्या आमच्या वर्ध्यात झाला होता,’ असे मामा म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात किंचित अभिमान होता.

परतताना पवनारास धाम नदीच्या काठी आम्ही थांबलो. पात्रातील खडकांमधून पाणी थोडे थोडे वाहत होते. तेथे मामा बंड्यास म्हणाले, ‘तुझे म्हणणे मी रात्रभर मनात घोळविले. बाहेरची माणसे म्हणालास. हे वर्धा कोणी नावारूपास आणले ते सांग. गांधीजी काठेवाडचे. जमनालालजी राजस्थानातून दत्तक आलेले. आपले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी 1928 साली सर्वांना खुले केले, तेव्हा इथल्याच किती घरांनी त्यांना नावे ठेवली! आणि हा समोर आश्रम आहे तो विनोबांचा. ते कोकणातले, गागोद्याचे. जाफर दहा अंतिम सामने खेळला आणि दहाही जिंकला. त्याच्याशेजारी उभा राहून आपला वाडकर, आपला सरवटे खेळायला शिकले की नाही?’

बंड्या म्हणाला, ‘शिकले. पण आबा, गांधीजी आले म्हणून कोणाचे नाव यादीतून गेले नाही.’

या उत्तरावर मामा निरुत्तर झाले, आणि मला ते आवडले. नातू बरोबर होता. पाहुण्या खेळाडूने संघाचा फायदा होतो आणि कोणाची तरी जागा जाते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्याची जागा गेली त्यास पहिली गोष्ट सांगून उपयोग नसतो. मामांनी नदीकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, ‘नाही गेले खरे.’ मग तिघांनी मिळून बोरे विकत घेतली. मुंज यथासांग पार पडली आणि मी पुण्यास परतलो.

त्यानंतर विदर्भाचे दिवस फिरले. 2024 च्या मार्चमध्ये संघ वानखेडेवर अंतिम सामन्यात उतरला. 538 धावांचे अवघड लक्ष्य समोर असता वाडकरने शतक काढून झुंज दिली, पण मुंबई 169 धावांनी जिंकली. आणि 2025 मध्ये, महाशिवरात्रीच्या दिवशी, जामठ्यावर केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला.

जामठ्याचे मैदान नागपूरचे म्हणून ओळखले जाते, परंतु ते आहे वर्धा रोडवर. बोरगावाहून निघावे, पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी करीत सुमारे साठ किलोमीटरवर ते लागते. 2019 चा अंतिम सामना इतक्या जवळ होऊनही मामीच्या आजारपणामुळे मामांस जाता आले नव्हते. ही चुटपुट त्यांनी कधी बोलून दाखविली नाही, पण घरात सर्वांस ठाऊक होती. म्हणून या वेळी मामेभावाचा फोन आला, ‘दादा, या. आबांना न्यायचे आहे,’ तेव्हा मी रजा काढली.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही गेलो. केळझरच्या गणपतीस गाडीतूनच हात जोडले. मामा एक्याऐंशी वर्षांचे, हातात काठी, पिशवीत वही. बंड्या आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात, आणि क्रिकेट रविवारपुरते. त्याने आबांस पायऱ्यांवरून हात धरून नेले. विदर्भाच्या पहिल्या डावात दानिश मालेवारने 153 धावा काढून 379 चा डोंगर उभा केला होता. आता केरळची फलंदाजी होती. आणि खेळपट्टीवर बॅट घेऊन उभा कोण? आदित्य सरवटे! 2019 चा नायक, 54 धावांत गुजरातेस गुंडाळणारा, मामांच्या वहीतील दोन तांबड्या वर्तुळांचा धनी. तो या हंगामात केरळकडून खेळत होता, पाहुणा खेळाडू म्हणून.

तो 79 धावा काढून बाद झाला तेव्हा आमच्या आजूबाजूची मंडळी उभी राहून ओरडली. मामाही काठी टेकून उभे राहिले, पण ते टाळ्या वाजवीत होते, तंबूकडे परतणाऱ्या सरवटेसाठी. मी बंड्याकडे पाहिले. तो म्हणाला, ‘केरळात ह्याच्यामुळे कोणाची तरी जागा गेली असेल.’ आणि मग थोड्या वेळाने : ‘पण खेळला भारी.’

दुपारी केरळचा कर्णधार सचिन बेबी शतकास दोन धावा हव्या असता मोठा फटका मारताना झेल देऊन गेला, आणि डाव 342 वर आटोपला. 37 धावांची आघाडी. अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. तेव्हा करंडक कोठे जाणार हे जाणत्यांस त्याच सायंकाळी उमगले. मामांस आनंद झाला, पण गाडीत बसताच तक्रार सुरू झाली. हर्ष दुबे हंगामात विक्रमी बळी घेतो आहे, ठीक. करुण नायर धावा काढतो आहे, तेही ठीक. परंतु 2018 च्या संघाने दिल्लीस नऊ गडी राखून सरळ हरविले होते, तशी ही मंडळी नाहीत. आणि आघाडीवर जिंकणे म्हणजे तोंडी परीक्षेच्या गुणांवर पास होणे होय.

‘आबा, त्या टीमला तुम्ही तेव्हा म्हणत होता, सीकेंसारखा एकही नाही,’ पुढून बंड्या म्हणाला. सी. के. नायडू हे नागपुरात जन्मलेले, आणि 1926 साली मुंबईत एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह 153 धावा काढल्या त्या मामांच्या वडिलांच्या ऐन उमेदीत. मामा म्हणाले, ‘नाहीच तर!’

रविवारी, 2 मार्चला, मी पुण्यास परत आलेला होतो. दुपारी सामना अनिर्णित थांबला, हात मिळविले गेले, आणि विदर्भास तिसरा करंडक मिळाला. रात्री मामांचा फोन आला. मी अभिनंदन करू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबविले. त्यांस निराळीच अडचण पडली होती. वहीत रकाने तीन : जिंकला, हरला, अनिर्णित. करंडक तर मिळाला, पण सामना जिंकला असे गणिताच्या माणसाने कसे लिहावे? घरात सकाळपासून यावर वाद चालू होता आणि सुनांचे मत मुलांच्या विरुद्ध पडले होते.

‘मग काय लिहिले?’ मी विचारले.

‘अनिर्णित,’ मामा म्हणाले. ‘वर्तुळ काढायचे की नाही ते बंड्यावर सोपविले आहे. तो तांबडी पेन्सिल शोधतो आहे.’